इंजेक्शनवाली थॅलियम टेस्ट: रिपोर्ट नॉर्मल, की ताण पडलाच नाही?

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६६, वजन ७० किलो, डायबेटिस १५ वर्षांपासून, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जिना चढताना छातीत जड होतं, थांबलं की बरं वाटतं. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचणं) निघाला. नागपूरच्या धंतोलीतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ‘इंजेक्शन देऊन स्ट्रेस थॅलियम’ करायला सांगितलं आहे. राहतात गोंदियाला, टेस्ट नागपुरात. हिवाळ्यात दम लागतो तेव्हा डेरिफायलिन घेतात. तयारी काय करायची, धोका किती, आणि चालताच येत नाही तर ‘स्ट्रेस’ कसा देणार? सरळ अँजिओग्राफीच का करू नये?

नावापासून सुरुवात करू. हृदयाच्या स्नायूत रक्त कुठे किती पोचतं याचा फोटो काढायला शिरेतून थोडं किरणोत्सर्गी द्रव्य (ट्रेसर) देतात, ती ही टेस्ट. नागपुरात डॉक्टर, पेशंट, काउंटरवरची माणसं सगळे ‘थॅलियम’च म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी आता थॅलियम देत नाहीत. थॅलियम-२०१ चं अर्धायुष्य ७३ तासांचं, त्यामुळे रेडिएशन जास्त आणि चित्र धूसर. १९९० पासून त्याची जागा टेक्नेशियम-९९एम जोडलेल्या सेस्टामिबीने आणि पुढे टेट्रोफॉस्मिनने घेतली. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास. तेव्हा चिठ्ठीवर थॅलियम आणि रिपोर्टात सेस्टामिबी दिसलं तर कोणी फसवलं असं समजू नका.

दुसरा फसवा शब्द ‘स्ट्रेस’. ट्रेडमिलवर हृदय खरंच राबतं. ट्रेडमिलऐवजी देतात त्या अडेनोसिनच्या इंजेक्शनने हृदयाचं काम फारसं वाढत नाही. हृदयाच्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या फक्त पूर्ण उघडतात. गल्लीतल्या नळांचं उदाहरण घ्या. रात्री प्रत्येक जण थोडीशी चावी उघडून बादली भरतो तेव्हा सगळ्यांची धार सारखीच दिसते. सकाळी सगळ्यांनी चावी पूर्ण सोडली की कोणाची पाइप आतून गंजली आहे ते कळतं. निरोगी करोनरी (हृदयाला रक्त देणाऱ्या) वाहिनीत अडेनोसिनने रक्तप्रवाह साडेतीन ते चार पट वाढतो. अरुंद झालेल्या वाहिनीच्या पुढच्या बारीक फांद्या मात्र आधीच उघडून बसलेल्या असतात, त्यांच्याकडे वाढवायला काही उरलेलं नसतं. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे मोजून दाखवलं. आरामात असतानाचा प्रवाह ८५ टक्क्यांच्या आसपास अडथळा होईपर्यंत टिकून राहतो, पण पूर्ण उघडल्यावरचा प्रवाह ३० ते ४५ टक्क्यांपासूनच घसरायला लागतो. म्हणजे चालता येत नसलं तरी अडत नाही. चावी औषधाने उघडता येते.

नेमक्या त्या क्षणी शिरेतून ट्रेसर देतात. जिथे रक्त जास्त तिथे तो जास्त साठतो आणि तिथेच अडकून राहतो, म्हणून फोटो तासाभराने काढला तरी तो इंजेक्शनच्या मिनिटाचाच असतो. मग आरामातल्या अवस्थेत दुसरा डोस आणि दुसरा फोटो. दोन्हींची तुलना.

आणि इथेच या टेस्टची सगळ्यात मोठी गोम आहे. कॅमेरा प्रवाहाचा आकडा मोजत नाही, एका भिंतीची दुसऱ्या भिंतीशी तुलना करतो. चावी अर्धीच उघडली गेली तर सगळ्या भिंती सारख्या दिसतात आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. टेस्ट फसली असं चित्रावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून या टेस्टचं निम्मं यश घरी, आदल्या रात्री ठरतं.

चहा

अडेनोसिन ज्या रिसेप्टरवर बसून वाहिन्या उघडतं, तीच जागा कॅफिन अडवून धरतं. त्यामुळे कॅफिन किमान १२ तास बंद हवं. बरेच विभाग २४ तास सांगतात आणि तेच पाळा. चहा, कॉफी हे सगळ्यांना सुचतं. सुटतात त्या गोष्टी वेगळ्या: ग्रीन टी, कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, दुधात घालायची कोकोवाली पावडर, ‘डिकॅफ’ कॉफी (तिच्यात थोडं कॅफिन उरतंच) आणि डोकेदुखीच्या गोळ्या. सॅरिडॉनमध्ये कॅफिन असतं, मायग्रेनच्या काही गोळ्यांमध्येही असतं. गुडघ्यांसाठी, डोक्यासाठी मेडिकलमधून आणलेली प्रत्येक पट्टी बरोबर आणा, मागचा मजकूर तिथे वाचला जाईल.

गोंदियाहून पहाटेच्या गाडीने निघालात तर डब्यात चहावाला येणारच. ‘एवढा घोटभर घेतला तर काय होतं’ हे वाक्य ऐकू आलं की तारीख बदलायची तयारी ठेवा. आणि खरं सांगा. चहा घेतला असेल तर टेस्ट उद्यावर जाते, एवढंच. न सांगता केली तर खोटा नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी जाल, आणि तो खोटा आहे हे कोणालाच कळणार नाही.

अजून एक सापळा खास एका दिवसात दोन्ही भाग उरकणाऱ्यांसाठी. सकाळी आरामातला डोस देतात, ‘काहीतरी खाऊन या’ म्हणतात. माणूस खाली उतरतो, तर्री-पोह्यांची प्लेट घेतो, आणि पोह्यांमागोमाग सवयीने कटिंग येतो. स्ट्रेसचा भाग अजून बाकी असतो. पोहे चालतील, चहा चालणार नाही. शेवटचं स्ट्रेसचं इंजेक्शन झाल्यावर मात्र खुशाल घ्या. अडेनोसिनने धरलेलं डोकं चहाने उलट उतरतं.

गोळ्या: कोणती थांबवायची, कोणती नाही

डेरिफायलिनमध्ये थिओफायलिन आणि त्याच कुळातलं इटोफायलिन असतं. ते कॅफिनचंच भावंड, आणि जास्त चिवट. साधारण ४८ तास बंद हवं. डॉक्सोफायलिनही आधी सांगा. पण थांबवायचं ते छातीच्या डॉक्टरांना विचारून. आईंना त्या दोन दिवसांत त्याची गरज पडलीच तर औषध द्या आणि टेस्ट पुढे ढकला.

पक्षाघातानंतर काहींना ॲस्पिरिनसोबत डायपिरिडॅमोल सुरू असतं. ते शरीरात अडेनोसिन साठवून ठेवतं, वरून अडेनोसिन दिलं तर परिणाम अनेक पट होतो. तेही ४८ तास आधी बंद.

बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल वगैरे) आणि नायट्रेट यांचं उत्तर प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. ‘ब्लॉकेज आहे का’ हे शोधायचं असेल तर डॉक्टर २४ ते ४८ तास थांबवतात. ‘औषधांवर असताना रक्ताची किती तूट उरली आहे’ हे बघायचं असेल तर चालू ठेवतात. स्वतःहून बंद करू नका. बीटा-ब्लॉकर एकदम तोडला तर छातीचं दुखणं उसळू शकतं.

इन्सुलिन: तीन-चार तास उपाशी राहायचं असतं, त्यामुळे सकाळचा डोस किती कमी करायचा हे आधी विचारून घ्या. रात्रभर उपास करायची गरज नाही. पाणी प्या, आणि एप्रिल-मेमध्ये भरपूर प्या. ४५ अंशांत प्रवास करून आलेला, लघवीची गोळी घेतलेला, कोरडा पडलेला पेशंट टेबलावर घेतला की अडेनोसिनने रक्तदाब कोसळू शकतो. खर्रा त्या सकाळी तोंडात नको. तंबाखूने नाडी आणि दाब दोन्ही वर जातात आणि सुरुवातीच्या नोंदीच चुकतात.

तुमच्या आईंना कोणतं औषध?

लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक असताना हृदयाची मधली भिंत उशिरा आकुंचन पावते. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधली सैल पडण्याची वेळ कमी होते, आणि वाहिनी अगदी स्वच्छ असली तरी त्या भिंतीत ट्रेसर कमी दिसतो. म्हणून अशा पेशंटला चालता येत असलं तरी ट्रेडमिल नको, आणि ठोके पळवणारं डोब्युटामिनही नको. ठोके फार न वाढवणारं अडेनोसिन किंवा त्याच जातीचं रेगाडेनोसॉन हीच पहिली निवड. पेसमेकरवर चालणाऱ्या हृदयालाही हाच नियम. डॉक्टरांनी ‘इंजेक्शन देऊन’ लिहिलं ते केवळ गुडघ्यांमुळे नाही.

दुसरीकडे दम. अडेनोसिन श्वासनलिका आवळू शकतं. दम्याचा इतिहास असणं आणि आज छातीत शिट्टी वाजणं यात फरक आहे. त्या दिवशी स्टेथोस्कोपने फुप्फुसं स्वच्छ ऐकू आली, दम कधीकधीच आणि सौम्य असेल, तर बहुतेक वेळा टेस्ट करता येते; इनहेलर हाताशी ठेवतात. शिट्टी ऐकू आली तर अडेनोसिन नाही, विषय संपला. रेगाडेनोसॉन वाहिनी उघडणाऱ्या रिसेप्टरवरच जास्त काम करतं, म्हणून सौम्य दम्यात तुलनेने बरं, पण धोका शून्य होत नाही. त्याच्याने फिट येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे मिरगीचा इतिहास असेल तर आधीच सांगायला हवं.

म्हणजे आईंच्या बाबतीत एक आजार अडेनोसिनकडे ढकलतो, दुसरा डोब्युटामिनकडे. माझं मत विचाराल तर तारीख हिवाळ्यात, सर्दी-खोकल्याच्या दिवसांत घेऊच नका. दम शांत असेल तेव्हा अडेनोसिनवर करा. तो शांत होतच नसेल तर डोब्युटामिनवर ओढूनताणून करण्यापेक्षा सीटी करोनरी अँजिओग्राफीचा विचार डॉक्टरांशी बोला. मधल्या भिंतीची शंका मागे ठेवणारी टेस्ट करून पैसे आणि रेडिएशन दोन्ही वाया जातात.

अडेनोसिन कोणाला अजिबात नको: दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचा हार्ट ब्लॉक (विजेचा संदेश अडणं, वाहिनीतलं ब्लॉकेज नव्हे) किंवा सिक सायनस (ठोका सुरू करणारी जागाच मंदावणं) असून पेसमेकर नसलेले, वरचा रक्तदाब ९० च्या खाली असलेले, छातीचं दुखणं अस्थिर झालेले. मिरगीवाल्यांना रेगाडेनोसॉनऐवजी अडेनोसिन किंवा डायपिरिडॅमोल (वाहिन्या तेही उघडतं) बघतात.

टेबलावर काय होतं

कोपराजवळच्या जाड शिरेत कॅन्युला (औषध द्यायची बारीक नळी), दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, छातीवर बारा लीडचा ईसीजी. डायबेटिसमध्ये शिरा सापडत नाहीत म्हणून मनगटावर बारीक कॅन्युला लावून वेळ मारून नेतात. तिथे ट्रेसर शिरेबाहेर गेला तर हृदयात कमी पोचतो आणि सगळा अभ्यास फिका पडतो. पुन्हा टोचून घेणं परवडलं.

अडेनोसिनचा डोस मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम, एकूण ६ मिनिटं, ट्रेसर तिसऱ्या मिनिटाला. ७० किलोला मिनिटाला ९.८ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण टेस्टला ५८.८ मिलिग्रॅम. मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमचं औषध न पातळ करता सिरिंज पंपावर लावलं तर हिशोब सोपा: वजनाला २.८ ने गुणा, येणारा आकडा तासाला मिलिलिटर. ७० किलोला १९६. वजन त्या सकाळी काट्यावर घेतलेलं हवं, पेशंटने सांगितलेलं नव्हे.

इथे नवख्या तंत्रज्ञांची एक चूक ठरलेली. १० मिलिलिटरच्या दोन व्हायल म्हणजे ६० मिलिग्रॅम, हिशोबात पुरेसं. पण एक्स्टेंशन लाइन (पंपापासून हातापर्यंतची नळी) भरण्यातच थोडं औषध जातं, आणि सहावं मिनिट संपायच्या आत पंप ओरडायला लागतो. तिसरी व्हायल फोडून ठेवा. दुसरी चूक उन्हाळ्यातली: गरमीत खराब होईल म्हणून अडेनोसिन फ्रीजमध्ये ठेवणं. थंडीत त्याचे स्फटिक होतात. एसी चालणारी खोली बरी, फ्रीज नको.

तिसरी चूक जरा गंभीर. ट्रेसर त्याच लाइनमधून मागून ढकलला की नळीत थांबलेलं अडेनोसिन एका झटक्यात हृदयात जातं आणि ठोका अडखळतो. ट्रेसरसाठी वेगळी शीर, नाहीतर वाय-कनेक्टर शिरेच्या अगदी जवळ, आणि ट्रेसर सावकाश पाच-दहा सेकंदांत. मध्येच पंप थांबवायचा नाही.

रेगाडेनोसॉनला पंप लागत नाही, वजनाचा हिशोबही नाही. ५ मिलिलिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅमचा ठरलेला डोस दहा सेकंदांत, मागून ५ मिलिलिटर सलाइन, आणि १० ते २० सेकंदांनी ट्रेसर. जुनं डायपिरिडॅमोल किलोमागे ०.५६ मिलिग्रॅम, चार मिनिटांत; ट्रेसर औषध संपल्यावर तीन ते पाच मिनिटांनी. ते स्वस्त, पण रेंगाळतं. त्याचा त्रास तुमच्या मागे घरापर्यंत येऊ शकतो.

त्या सहा मिनिटांत आईंना काय वाटेल: चेहरा आणि मान गरम, श्वास पुरत नाही असं वाटणं, छातीत किंवा जबड्यात दाब, पोटात कसंतरी, डोकं जड. दहांपैकी सातआठ जणांना यातलं काहीतरी होतंच. आधीच सांगून ठेवा, कारण ‘अटॅक येतोय’ असं वाटून माणूस उठून बसतो आणि कॅन्युला निघते. छातीत दुखलं म्हणजे ब्लॉकेज निघालं असंही नाही. हे दुखणं औषधाचं असू शकतं. ईसीजीत एसटी भाग (रेघेतला ठोक्याच्या टोकानंतरचा सपाट तुकडा) खाली जाणं मात्र वेगळं, ते गांभीर्याने घेतात. आईंच्या ईसीजीत लेफ्ट बंडल असल्याने तो पुरावा त्यांना लागू होणार नाही, सगळी भिस्त चित्रावर.

अडेनोसिनचं अर्धायुष्य दहा सेकंदांहून कमी. पंप बंद केला की मिनिटभरात बहुतेक त्रास जातो. ठोके अडखळण्याचा प्रकार शंभरात सातआठ जणांना होतो, बहुतेकांचा आपोआप सुटतो; पूर्ण हार्ट ब्लॉक शंभरात एकापेक्षा कमी. वरचा दाब ८० च्या खाली गेला, शिट्टी वाजायला लागली, ब्लॉक टिकून राहिला आणि चक्कर आली, किंवा दुखण्यासोबत एसटी २ मिलिमीटर घसरली तर थांबवतात. उतारा ॲमिनोफायलिन: ५० ते १०० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, एकूण २५० पर्यंत. ट्रेसर आत गेल्यावर जमल्यास एक मिनिट तरी थांबून, म्हणजे टेस्ट वाया जात नाही. मिरगीचा झटका आला असेल तर ॲमिनोफायलिन देत नाहीत.

औषध लागू पडलं का हे नाडीवरून कळतं का? अर्धवट. साधारणपणे नाडी दहा-वीसने वाढते, वरचा दाब थोडा उतरतो, चेहरा लाल होतो. पण जुन्या डायबेटिसमध्ये नसा बधिर झालेल्या असतात, नाडी हलतच नाही, तरी वाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात. उलट कॅफिन घेतलेल्या माणसाचीही नाडी वाढते. म्हणून पुन्हा तेच: भरवसा फक्त आदल्या दिवशीच्या पथ्याचा.

डोब्युटामिनची रीत एका परिच्छेदात. किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमने सुरुवात, दर तीन मिनिटांनी १०, २०, ३०, ४०. लक्ष्य २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. ६६ वर्षांना १३१. नाडी पोचली नाही तर ठोके वाढवणारं ॲट्रोपिन थोडं थोडं. काचबिंदू आणि प्रोस्टेट आधी विचारून. ट्रेसरनंतर औषध लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर चालू. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर १३१ स्वप्नातच.

कॅमेऱ्याखाली

एका दिवसात दोन्ही करायचं तर आधी आरामातला ८ ते १२ मिलिक्युरी (ट्रेसरच्या किरणोत्सर्गाचं माप), मग स्ट्रेसचा त्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे पहिल्याची सावली दुसऱ्यात दिसत नाही. जास्त वजन असलेल्यांना दोन दिवस बरे. काही ठिकाणी स्ट्रेस आधी करतात. तो स्वच्छ आला तर आरामातला भाग लागतच नाही. आईंसारख्या लेफ्ट बंडलच्या पेशंटला बहुधा दोन्ही लागतील, म्हणून गोंदियाहून येताना नागपुरात एक मुक्काम धरूनच या.

वेळ पाळा. टेक्नेशियम बनवणाऱ्या जनरेटर नावाच्या डब्यातला मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मा होतो, त्यातून रोज सकाळी टेक्नेशियम दुहून काढतात. नऊला भरलेला ३० मिलिक्युरीचा डोस तीनला १५ उरतो. गाडी उशिरा आली म्हणून फोन केलात तर क्रम बदलता येतो. न सांगता दोनला पोचलात तर डोसच राहिलेला नसतो.

औषध दिल्यावर फोटोला ४५ ते ६० मिनिटं थांबवतात. ट्रेसर यकृतातही साठतो, पित्तावाटे आतड्यात उतरतो, आणि आतडं हृदयाच्या खालच्या भिंतीला खेटून चमकायला लागलं की ती भिंत वाचता येत नाही. व्यायामात यकृताकडचं रक्त कमी होतं म्हणून हा त्रास कमी, औषधावर जास्त. म्हणून साईचं दूध, पाणी, थोडं चालणं. कंटाळा आला तरी घाई करायला लावू नका, लवकर काढलेला फोटो पुन्हा काढावा लागतो.

फोटोला पंधरा-वीस मिनिटं दोन्ही हात डोक्यावर. डायबेटिसमध्ये खांदे आखडलेले असतात, ही गोष्ट कोणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही. बाराव्या मिनिटाला हात खाली येतो, धड हलतं, आणि चित्रात खोटा खड्डा (फिका भाग) पडतो. खांदा दुखत असेल तर आधी सांगा, उशी लावून, एक हात खाली ठेवून मार्ग काढता येतो. झोपून घोरू देऊ नका, श्वासाची लय बदलते. मंगळसूत्र, साखळी काढून ठेवा.

बायकांमध्ये स्तनांच्या जाडीने समोरची भिंत फिकी दिसते, पुरुषांमध्ये पोटाच्या पडद्याने खालची. दोन्ही वेळी कपडे आणि अंगाची ठेवण एकसारखी हवी. एकदा ब्रा घालून, एकदा काढून फोटो काढला की खड्डा सरकतो आणि ‘रिव्हर्सिबल’, म्हणजे आरामात भरून येणारा, दिसतो. ओळखायचा मार्ग असा: फिकी भिंत ठोक्याबरोबर नीट जाड होत असेल तर ती सावली, हलत नसेल तर मेलेला स्नायू. हे बघायला फोटो ईसीजीशी जोडून घेतात. शंका असेल तर पालथं झोपवून परत काढतात, किंवा सीटीने दुरुस्ती करतात. सीटी आणि हृदय एकमेकांवर नीट बसलं नसेल तर त्या दुरुस्तीनेच नवा खड्डा तयार होतो.

रेडिएशन दोन्ही भाग मिळून साधारण ९ ते १२ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. त्या दिवशी पाणी जास्त, आणि घरात गरोदर सून किंवा तान्हं बाळ असेल तर संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊ नका.

रिपोर्टात काय शोधायचं

शेवटची ओळ शेवटी वाचा. आधी बघा, कोणतं औषध, किती, पूर्ण दिलं का, कॅफिन कधीपासून बंद होतं, नाडी-दाब किती, चित्राचा दर्जा कसा. हे नसेल तर मागा.

भिंत १७ भागांत वाटतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण. स्ट्रेसची बेरीज ३ पर्यंत नॉर्मल, ४ ते ८ सौम्य, ९ ते १३ मध्यम, त्यापुढे जास्त. स्ट्रेसमधून आरामाचे गुण वजा केले की परत भरून येणारी तूट कळते. फरक ७ असेल तर ६८ पैकी ७, म्हणजे साधारण १० टक्के स्नायू. इथून पुढे डॉक्टर गंभीर होतात. आईंच्या रिपोर्टात फक्त मधल्या भिंतीत, टोक सोडून तूट असेल तर ती लेफ्ट बंडलची असू शकते. टोक आणि समोरची भिंतही ओढली गेली असेल तर समोरच्या मोठ्या वाहिनीचा संशय घ्यायचा.

लहान हृदयात इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) ७५-८० टक्के दिसतं, त्याने हुरळू नका. पोकळी छोटी असल्याने चित्र धूसर होऊन आकडा फुगतो. उलट स्ट्रेसनंतर आकडा घसरला, किंवा स्ट्रेसमध्ये पोकळी फुगलेली दिसली, तर भिंती एकसारख्या असल्या तरी सावध व्हायचं. तिन्ही वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर तुलनेला निरोगी भिंत उरत नाही, गल्लीतले सगळेच नळ गंजलेले. अशा वेळी प्रवाह आकड्यात मोजणारं पेट स्कॅन किंवा अँजिओग्राफी.

आणि सरळ अँजिओग्राफी?

अँजिओग्राफी नळाची रुंदी दाखवते, गल्लीत पाणी किती पोचतं ते नाही. दुखणं श्रमानेच येत असेल, ठरावीक असेल, तर आधी तूट किती हे कळणं उपयोगी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या चाचणीत ५,१७९ पेशंट होते, सगळ्यांना मध्यम किंवा जास्त तूट. आधीच अँजिओग्राफी करून स्टेंट-बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यूचं प्रमाण वेगळं निघालं नाही. छातीचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. यात डाव्या मुख्य वाहिनीचा मोठा अडथळा असलेले आणि हृदय खूप कमजोर झालेले पेशंट घेतले नव्हते, हे लक्षात ठेवा. नीट पार पडलेला नॉर्मल स्कॅन म्हणजे वर्षभरात हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यूची शक्यता सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून कमी. औषधावर टेस्ट करावी लागणाऱ्यांमध्ये, त्यातही डायबेटिसमध्ये, ती त्याहून थोडी वर असते. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला तरी साखर, दाब, स्टॅटिन सुटत नाही.

दुखणं बसल्या जागी यायला लागलं, झोपेतून उठवायला लागलं, पूर्वी दोन जिन्यांनी येणारं आता बाथरूमपर्यंत जाताना येऊ लागलं, तर स्कॅनची तारीख कितीही जवळ असो, ती सोडून द्या. गोंदियातच जवळच्या इमर्जन्सीत जा, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. अशा पेशंटला अडेनोसिन द्यायचंच नसतं.